उणे २४ मध्ये विजेची गाडी: रेंज जवळजवळ निम्मी, वीज नेमकी जाते कुठे?

सातारकर_कॅल्गरी
नमस्कार मंडळी. गेल्या मे महिन्यात आम्ही विजेची गाडी घेतली. हा आमचा तिच्यासोबतचा पहिला हिवाळा. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा आहे असं मला वाटत नाही. बॅटरीतली वापरता येणारी वीज ६० युनिट, कागदावरची रेंज ४१५ किमी. उन्हाळ्यात शहरात मला याहून जास्तच मिळत होती.

संक्रांतीच्या आदल्या शनिवारी एडमंटनला मित्राकडे निघालो. आई-बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेत, तेही बरोबर होते. इथे कॅनडात कॅल्गरी ते एडमंटन साधारण ३०० किमी, सरळ हायवे, बरोबर मध्यावर रेड डिअर. सकाळी बाहेर उणे २४. बॅटरी १०० टक्के. हीटर २२ वर, वेग ११०. रेड डिअरला पोचलो तेव्हा बॅटरी ३६ टक्के. म्हणजे दीडशे किलोमीटरला ६४ टक्के गेले!

तिथल्या चार्जरवर १५० किलोवॅट लिहिलेलं होतं. गाडीने घेतले ३४-३५. पंधरा मिनिटांचा चहाचा थांबा धरला होता, ८५ टक्क्यांना जवळजवळ पन्नास मिनिटं लागली. आई शाल डोक्यावरून घेऊन मागे बसली होती. ती काही बोलली नाही, पण तिचं लक्ष सारखं टक्क्यांच्या आकड्यावर होतं, हे मला आरशात दिसत होतं.

रात्री एडमंटनमध्ये बॅटरी ९० पर्यंत भरली आणि गाडी मित्राच्या दारात उघड्यावर ठेवली, प्लग न लावता. सकाळी ८४, आणि पडद्यावर बर्फाच्या नक्षीचं निळं चिन्ह. पाय उचलल्यावर गाडी नेहमी आपोआप हळू होते, तेही बंद. परत रेड डिअरला पोचलो तेव्हा १६ टक्के उरले होते. तेव्हा मात्र आईने विचारलंच, "अरे, मध्येच बंद पडली तर या बर्फात काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझे प्रश्न तीन. वीज जाते कुठे? बॅटरी खराब होतेय का? आणि याहून थंड जागी लोक या गाड्या रोज कशा चालवतात? नुसती ऐकीव माहिती नको, ज्यांनी चालवल्यात त्यांनी लिहा.

उत्तरवारा
मी ऑस्लोत आठ वर्षं आहे, घरात दोन्ही गाड्या विजेच्या. २०२४ मध्ये इथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळजवळ ८९ टक्के विजेच्या होत्या, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच उभं आहे. हिवाळ्यात रेंज कमी होते, हे इथे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. आम्ही गाडी घेतानाच हिवाळ्याचा आकडा धरून घेतो.

इथल्या वाहनचालकांच्या संघटनेची एक चाचणी असते. २०२० पासून वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्यात, एकदा हिवाळ्यात. गाड्या भरून घेतात, एकाच रस्त्याने काढतात आणि अगदी बंद पडेपर्यंत चालवतात. २०२० च्या हिवाळ्यात २० गाड्या होत्या, कागदावरच्या आकड्यापेक्षा सरासरी साधारण १८.५ टक्के रेंज कमी भरली. कुणाची जेमतेम ९ टक्के, कुणाची ३० च्या आसपास. पण ती थंडी शून्याच्या थोडीशी खाली होती. तुमची उणे २४ वेगळीच.

निफाडकर_काका
आमच्याकडे द्राक्षबागेत पारा चार-पाचपर्यंत उतरला की शेकोट्या पेटवतो. माझ्या मुलाची गाडी त्या दिवसांत सकाळी थोडी कमी रेंज दाखवते, दुपारी ठीक होते. उणे २४ ला माणसंच कशी राहतात, याचं नवल वाटतं. आईंची काळजी घ्या.

शिकागोची_सई
उत्तरवारा, तुमचा १८.५ चा आकडा वाचून थोडी चक्रावले. अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या संघटनेने २०१९ मध्ये पाच गाड्या प्रयोगशाळेत तपासल्या होत्या. उणे ७ च्या आसपास, हीटर लावून, सरासरी ४१ टक्के रेंज गेली. हीटर बंद ठेवून फक्त १२. इथे लोक हाच आकडा तोंडावर फेकतात. मग खरं काय, १८ की ४१?

रोध
पुण्यात बॅटरी पॅकवर काम करतो, चाकणला. वातावरणाचं तापमान हवं तसं बदलता येतं अशा बंद खोलीत पॅक उणे ३० पर्यंत नेऊन तपासणं हा माझ्या कामाचा भाग आहे. जरा लांब लिहितोय.

सई, दोन्ही आकडे खरे असू शकतात. त्यातच सातारकरांच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

गाडी पुढे ढकलायला लागणारी वीज किलोमीटरवर मोजायची. गाडी उबदार ठेवायला लागणारी वीज तासांवर मोजायची. आणि थंडगार गाडी उबेला आणायला लागणारी वीज प्रत्येक सुरुवातीला वेगळी मोजायची. तुम्ही दहा मिनिटं चालवा नाहीतर चार तास, काचा, सीट, डॅशबोर्ड, बॅटरीचं तीन-चारशे किलोचं धूड, हे सगळं एकदा तापवावंच लागतं. एका दमात शेवटपर्यंत चालवलेल्या गाडीत तो सुरुवातीचा खर्च शेकडो किलोमीटरवर पसरतो. छोट्या फेऱ्यांत तो दर वेळी नव्याने भरावा लागतो. वर एकीकडे शून्याच्या आसपासची थंडी, दुसरीकडे उणे ७. आकडे जुळणार कसे?

पेट्रोलच्या गाडीतही हे होतं, पण दिसत नाही. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता म्हणून फेकूनच देतं, त्यातलीच थोडी आपण आत घेतो. विजेची मोटर इतकं कमी वाया घालवते की उबेसाठी वेगळी वीज काढावी लागते.

आता सातारकरांचा हिशोब मांडतो. दीडशे किलोमीटरला ६४ टक्के, म्हणजे ३८ युनिटच्या थोडं वर. हा माझा अंदाज आहे, पण बेरीज जुळते का बघा.

कागदावर ६० युनिटला ४१५ किमी, म्हणजे दीडशेला २२ युनिट. पण तो आकडा सतत ११० च्या वेगाचा नाही. तुम्ही जूनमध्ये याच रस्त्याने ११० ने गेला असतात तरी २५ च्या आसपास लागली असती. हे तीन युनिट थंडीच्या खात्यावर टाकू नका.

हवा. उणे २४ ची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा १७-१८ टक्के दाट असते. हायवेवर निम्म्याहून जास्त ताकद हवा कापण्यातच जाते. इथे जवळजवळ तीन युनिट.

टायर. हिवाळी टायर मऊ असतात, रस्त्यावर बर्फाचा चिखल, आणि हवेचा दाब. साडेपाच अंश उतरले की साधारण एक पीएसआय कमी होतो. ऑक्टोबरमध्ये भरली असेल तर आता सहा-सात पीएसआय कमीच असणार. आणखी तीन युनिट.

हीटर. सुरुवातीला सहा किलोवॅट, मग तीन-साडेतीन. ८२ मिनिटांत पाच-साडेपाच युनिट.

उरलं बॅटरीचं स्वतःचं. दोन युनिट. झाले ३८.

म्हणजे सगळे जिला दोष देतात, ती बॅटरीची 'कमजोरी' या यादीत सगळ्यात लहान आहे! हे मी मुद्दाम लिहितोय, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: बॅटरी खराब होत नाहीये. आतल्या द्रवातून लिथियमचे आयन इकडून तिकडे जातात. थंडीत तो द्रव काकवीसारखा जड होतो. बरणी तीच, काकवी तेवढीच, पण आडवी केली तरी लवकर ओघळत नाही. सकाळचे ९० चे ८४ झाले त्यातली काही वीज पळालेली नव्हती, गारठून अडकलेली होती. पॅक उबेला आला की ती परत मिळते. ते निळं चिन्ह त्याचंच. उलट नुसती उभी गाडी थंडीत कमी म्हातारी होते. बॅटरीचं आयुष्य खातं ते आपल्या नागपूर-चंद्रपूरचं ऊन.

पण चार्जिंगचं वेगळं आहे. गारठलेल्या पॅकमध्ये जोरात वीज कोंबली तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरत नाही, वरच धातूचा थर होऊन बसतं. हे नुकसान कायमचं असतं. म्हणून गाडीच हात आखडता घेते: १५० च्या चार्जरवर ३५, आणि पाय उचलल्यावर परत येणारी वीजही बंद. तो बिघाड नव्हता, गाडी स्वतःला जपत होती.

शिकागोची_सई
किती नीट समजावलंत! जानेवारी २०२४ ची आमची इथली अवस्था आता कळली. पारा उणे २० च्या आसपास गेला होता आणि चार्जिंग स्टेशनांवर गाड्यांच्या रांगा रस्त्यापर्यंत आल्या होत्या. मी स्वतः दोन तास उभी होते. पुढच्या गाडीतला माणूस टॅक्सी चालवणारा. घरी चार्जर नाही, रात्रभर गाडी रस्त्यावर. म्हणजे पॅक बर्फासारखा. प्रत्येकाला दुप्पट वेळ, म्हणून रांग वाढते, रांगेत हीटर चालू, म्हणून बॅटरी अजून उतरते. लोक कॅमेऱ्यासमोर गाड्यांना शिव्या देत होते. मला त्या रांगेत खरा फरक एकच दिसला: घरी प्लग असणारे आणि नसणारे.

एलएफपी_वाला
रोध, माझ्या गाडीत एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरी आहे. ती थंडीत जास्त वाईट म्हणतात?

रोध
हो, निकेलवाल्या बॅटऱ्यांपेक्षा थंडीत ती जास्त सुस्त होते, चार्जिंगला विशेष. शिवाय तिचा व्होल्टेज बराच काळ सपाट राहतो, त्यामुळे किती टक्के उरलेत हे गाडीला नेमकं ओळखणं कठीण जातं. महाराष्ट्रात काळजीचं कारण नाही. मनालीला निघालात तर अधूनमधून पूर्ण भरून टक्क्यांचा हिशोब ताजा ठेवा.

व्यासकाठी
मनालीचं नाव निघालं म्हणून लिहिते. डिसेंबरात आम्ही अटल बोगद्यातून सिस्सूला जाऊन आलो. बोगद्याचं दक्षिण तोंड तीन हजार मीटरवर, मनाली दोन हजारावर. येताना सगळा उतार, मला वाटलं बॅटरी भरत भरत येईल. सिस्सूला गाडी चार तास बर्फात उभी होती. उतरताना पहिले आठ-दहा किलोमीटर काहीच परत मिळालं नाही, आणि गाडी स्वतःहून अडतही नव्हती. सवयीने पाय उचलला आणि पुढच्या टेम्पोच्या फार जवळ गेले. हात थरथरत होते. घाटात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: पहिल्या वळणाच्या आधी सपाटीवर एकदा पाय उचलून बघा, गाडी अडते का.

उत्तरवारा
व्यासकाठी, फार महत्त्वाचं लिहिलंत.

सातारकर, तुमच्या गाडीत हीट पंप आहे का? म्हणजे उलटा फ्रिज. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, म्हणून ती जाळी कोमट लागते. हीट पंप बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून आत टाकतो. शून्याच्या आसपास एक युनिट विजेत दोन-तीन युनिटांची ऊब मिळते. मात्र उणे १५-२० च्या खाली हा फायदा आटत जातो. ऑस्लोत मला तो रोज उपयोगी पडतो, तुमच्या अल्बर्टा प्रांताच्या कडाक्यात तेवढा पडणार नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

भरवसा प्लगवर ठेवा. निघायच्या वेळेला चार्जिंग संपेल असं लावा आणि अर्धा-पाऊण तास आधी गाडी तापवा, प्लग लावलेला असतानाच. रोध म्हणतात तो सुरुवातीचा सगळा खर्च मग भिंतीतल्या विजेवर जातो, बॅटरीवर नाही. वाटेत चार्जरला थांबायचं असेल तर गाडीच्या नकाशात तोच चार्जर टाका. बऱ्याच गाड्या मग वाटेतच पॅक तापवून ठेवतात. आम्ही रात्री पोचलो की थेट चार्जरवर जातो, कारण तेव्हा पॅक गरम असतो. सकाळी गारठलेला पॅक घेऊन चार्जर शोधणं हा नवख्यांचा हमखास होणारा हाल.

सातारकर_कॅल्गरी
रोध, तुमची बेरीज वाचून सरळ खाली जाऊन टायर मोजले. दारावरच्या पट्टीवर ४२ लिहिलंय, निघाले ३४.

तुमच्या 'सुरुवाती'च्या मुद्द्याचा पुरावाही माझ्याकडे आहे. मुलीची शाळा चार किलोमीटर. आज सकाळी उणे २० होतं, गाडीने त्या चार किलोमीटरला जवळजवळ दोन युनिट घेतली. उन्हाळ्यात अर्ध्या-पाऊण युनिटात होतं. म्हणजे माझी खरी नासाडी एडमंटनच्या वाटेवर नाही, रोज शाळेच्या वाटेवर चाललीय!

नकाशात चार्जर टाकला नव्हता. रस्ता पाठ आहे, म्हणून नकाशाच लावला नव्हता. हीट पंप नाही.

पण आईचा प्रश्न राहिलाच.

लाल_नदी
विनिपेगहून. त्याचं उत्तर मी देतो, कारण मी अडकलोय. दोन वर्षांपूर्वी बर्फाच्या वादळात हायवे बंद झाला, साडेसहा तास जागेवर. बाहेर उणे १९. उभ्या गाडीत हवा कापायची नसते, फक्त ऊब राखायची असते. हीटर १८ वर, सीट गरम. तासाला दोन युनिटांच्या आसपास लागत होतं. ५८ टक्क्यांवर अडकलो होतो, सुटलो तेव्हा ३७ उरले होते. आईंना सांगा: तुमच्या गाडीत अर्धी बॅटरी म्हणजे ३० युनिट, म्हणजे बारा-पंधरा तासांची ऊब. आणि पेट्रोलच्या गाडीसारखं धुराचं नळकांडं बर्फाने बुजून विषारी वायू आत येण्याची भीती नाही. ती भीती खरी असते, आमच्याकडे दर वर्षी त्याबद्दल सूचना देतात.

अट एकच. २० टक्क्यांच्या खाली हायवेवर राहायचं नाही. तुम्ही १६ ला पोचलात, ते मला वाचताना बरं वाटलं नाही.

डिकीत दोन घोंगड्या, पाणी, फावडं. आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी तपासून घ्या. ती थंडीत मेली तर मोठी भरलेली असूनही गाडी उघडत नाही, सुरू होत नाही.

उत्तर_सस्कॅचवान_तीर
एडमंटनमधून. मित्राच्या दारात नक्की ब्लॉक हीटरचा प्लग असणार, इथे घराघरात, पार्किंगमध्ये असतो. पेट्रोल गाड्यांची इंजिनं रात्रभर कोमट ठेवायला तो असतो. साधा १२० व्होल्टचा. त्यातून जेमतेम १.४ किलोवॅट मिळतात, उणे ३० ला त्यातली बरीचशी वीज पॅक कोमट ठेवण्यातच जाते. टक्के वाढलेले दिसले नाहीत तरी लावा. काही पार्किंगमध्ये वीज वाचवायला हे प्लग आळीपाळीने चालू-बंद होतात, ते आधी विचारून घ्या.

आणि संध्याकाळी पाच ते नऊ चार्जिंग टाळा. १३ जानेवारी २०२४ आठवतो? उणे ४० च्या खाली गेलं होतं आणि सगळ्यांच्या फोनवर एकदम अलर्ट वाजला, वीज लगेच कमी करा म्हणून. आमच्या घरात चार दिवे होते, तीन घालवले. पहाटे चार्जिंग लावलं तर राज्यालाही त्रास नाही आणि निघताना पॅकही गरम.

कमळगड
चार्जिंगचं झाकण गोठतं त्यावर उपाय? काल वीस मिनिटं ओढत होते.

लाल_नदी
ओढू नका, तुटतं. गरम पाणी अजिबात नको, ते लगेच गोठतं आणि दुप्पट चिकटतं. मुठीने कडेकडेने हलकं ठोका, नाहीतर आतून गाडी तापवून पंधरा मिनिटं थांबा. घराजवळ असाल तर हेअर ड्रायर. गाडी धुतल्यावर तिथलं पाणी पुसून ठेवा.

सातारकर_कॅल्गरी
मंडळी, चार आठवड्यांनी लिहितोय. काल परत एडमंटनला जाऊन आलो, तोच रस्ता, सकाळी उणे २२.

या वेळी टायरमध्ये ४२. चार्जिंग पहाटे सहाला संपेल असं लावलं, पाऊण तास प्लगवरच गाडी तापवली. काचांवरचा बर्फ आपोआप विरघळून खाली घसरला. वेग ९८. हीटर १९, सीट गरम, आई-बाबांच्या पायावर सोलापुरी चादर. नकाशात रेड डिअरचा चार्जर.

पोचलो तेव्हा बॅटरी ४८ टक्के, मागच्या वेळी ३६ होते. चार्जर लावताच आकडा ७८ किलोवॅटवर गेला. ८० टक्के व्हायला अठरा मिनिटं. हळू चालवल्यामुळे वाटेत दहा मिनिटं जास्त लागली, चार्जरवर तीस वाचली.

रोध, वेग कमी केल्याने हीटर जास्त वेळ चालतो, मग फायदा खरंच होतो का, असं मला वाटेत वाटत होतं.

रोध
होतो. दहा मिनिटांचा जादा हीटर म्हणजे अर्धं युनिट. ११० वरून ९८ वर आलात की हवेचा विरोध साधारण पाचव्या भागाने कमी होतो, दीडशे किलोमीटरला त्यातून तीन-चार युनिट वाचतात. उलटं होतं ते शहरातल्या ट्रॅफिकमध्ये. तिथे तुम्ही रांगता आणि हीटर आपला तासाचं भाडं घेतच राहतो.

लाल_नदी
परत येताना किती टक्क्यांना पोचलात?

सातारकर_कॅल्गरी
रात्रभर मित्राच्या दारातल्या प्लगला गाडी लावून ठेवली होती. टक्के फक्त पाचच वाढले, पण सकाळी निळं चिन्ह नव्हतं. रेड डिअरला ३१, तिथे परत भरली, घरी २७. आई रेड डिअरच्या पुढे झोपली होती.